एका गाठीने चुकलेली तारीख

मी एक जुनी फाईल आहे, आणि आधीच सांगून टाकते मित्रांनो, स्वभावाने घाबरट आहे. कपाटाचं दार करकरलं की माझ्या पोटात गोळा येतो. तुम्ही म्हणाल, कागदाला कसलं आलंय पोट? पण माझ्या पोटात एकशे बेचाळीस पानं आहेत आणि त्यातलं प्रत्येक पान कुणाच्या तरी घरातून आलेलं आहे. एवढं ओझं वाहणाऱ्याला काळजी असायचीच.

माझा जन्म जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात झाला. साधनाबाई नावाच्या कारकून आहेत, त्यांनी दाभणाने मला भोकं पाडली, पांढरी दोरी ओवली, वर पिवळट पुठ्ठा चढवला आणि निळ्या शाईने त्यावर दाव्याचा नंबर घातला. दाभण टोचलं तेव्हा दुखलं खरं, पण नंबर मिळाल्यावर मी एकदम मोठी झाल्यासारखं वाटलं. कोर्टात नंबर असला की तुम्ही जिवंत असता.

नंबराखाली दोन नावं होती. दावा आणणारा तो वादी आणि ज्याच्याविरुद्ध आणला तो प्रतिवादी. माझी वादी अनवरीबी. बांगड्या भरणारी, पन्नाशीची, हाताने सदा काहीतरी करत असणारी बाई. प्रतिवादी अबुबकर, तिचा सख्खा दीर. तोही बांगड्यांचाच धंदा करतो. टेंभुर्णीच्या पुढे त्यांचं गाव आहे. एकाच आवारात दोघांची घरं, अबुबकरचं रस्त्याला लागून आणि अनवरीबीचं त्याच्या मागे. मागच्या घरातून रस्त्यावर यायला एक बोळ आहे, चार फूट रुंदीचा. माझा सगळा जन्म त्या चार फुटांसाठी आहे.

अनवरीबीचा नवरा महेबूब एके काळी मोपेडवर बांगड्यांच्या पेट्या बांधून गावोगाव जायचा. पाच वर्षांपूर्वी त्याला अर्धांगवायू झाला. आता तो तीनचाकी सायकलवर बसतो आणि अनवरीबी मागून ढकलते. ती सायकल दोन फूट दहा इंच रुंद आहे. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण माझ्या सातव्या पानावर तसं लिहिलंय. अबुबकरला बोळात भिंत घालून खोली वाढवायची होती. तशी भिंत झाली तर बोळ उरतो दोन फुटांचा. मग अनवरीबी अंग चोरून बाहेर येईल, पण महेबूब घरातच राहील. आत अडकला तो अडकलाच.

अबुबकर वाईट माणूस आहे असं मात्र समजू नका. त्याची लेक अफ्रीन नवऱ्याघरून परत आली होती. तिला शिलाई मशीन लावायला रस्त्यावर दार असलेली खोली हवी होती. त्याचा जबाबही माझ्याच पोटात आहे, आणि तो वाचताना मला कितीदा वाटलं, याचंही खरंच आहे. फाईलीचं हेच दुःख. दोन्ही बाजू तिला आतून ठाऊक असतात आणि बोलता मात्र येत नाही.

पहिली दोन वर्षं माझी चैनीची गेली. तेव्हाच्या न्यायाधीशांनी मला उघडलं, पानं चाळली आणि म्हणाले, "फाईल व्यवस्थित लावलीय." मी महिनाभर त्या एका वाक्यावर जगले. कोर्टाने नेमलेला माणूस टेप घेऊन गावात गेला, बोळ मोजला आणि लाल पेन्सिलीने नकाशा काढून आणला. तो नकाशा माझा दागिना. पुढे तूर्तातूर्त मनाई हुकूमही झाला. म्हणजे दाव्याचा निकाल लागेपर्यंत अबुबकरने बोळात एक वीटही ठेवायची नाही. त्या दिवशी अनवरीबी कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून पाणी प्यायली आणि पुंजाराम शिपायाला म्हणाली, "भाऊ, आज झोप लागंल बघा."

मग न्यायाधीश बदलले, मोठे मोठे दावे आले आणि मी कपाटात मागे सरकले. वर चहाचा कप ठेवला गेला, त्याचा गोल अजून माझ्या पुठ्ठ्यावर आहे. एका कोपऱ्याची कसरीने चाळण केली. बांधाच्या भांडणाची एक म्हातारी फाईल माझ्या शेजारी असायची. तिचे वादी-प्रतिवादी दोघेही वारले होते, बांध तेवढा जागेवर होता. ती म्हणायची, "पोरी, फार पुढचं बघू नको. पुढच्या तारखेचं बघ."

आता त्या तारखांचं सांगते, कारण सगळा घोळ तिथेच झाला.

अनवरीबीला लिहिता-वाचता येत नाही. पण ती तारीख कधी चुकली नव्हती. तिची मोजणी बाजाराची. तिच्या विनंतीवरून सोमेश्वर वकील नेहमी कोर्टाकडे बाजाराच्या दुसऱ्या दिवशीची तारीख मागून घेत. तारीख मिळाली की ती त्यांना एकच विचारायची, "किती बाजार?" वकील बोटांवर मोजून सांगायचे, "सहा." मग ती पिशवीतून बांगड्यांची पेटी बांधायची सुती दोरी काढायची आणि बाकावर बसून तिला सहा गाठी मारायची. दर बाजारी दुकान आवरताना, पेटी बांधायच्या आधी, एक गाठ सोडायची. शेवटची गाठ सुटली की दुसऱ्या दिवशी कोर्ट. चार वर्षं ही दोरी कॅलेंडरापेक्षा बरी चालली. तिच्या सासूने तिला शिकवलेली रीत होती ती.

गेल्या वर्षीची गोष्ट. महत्त्वाची तारीख होती, अनवरीबीची साक्ष व्हायची होती. मला सकाळीच काढून टेबलावर ठेवलं. मी पानं सावरून बसले. अकराच्या सुमाराला पुंजाराम दारात उभा राहिला आणि त्याने पुकारा केला. पुंजारामचा आवाज असा की अंगणातल्या कडुनिंबावरची पाखरं उडतात. तरी कुणी ओ दिली नाही. अबुबकर त्याच्या वकिलाबरोबर येऊन उभा होता. माझ्या बाजूला मात्र कुणीच नव्हतं. सोमेश्वर वकील त्या दिवशी जालन्याला जिल्हा न्यायालयात गेले होते. त्यांना वाटलं, अनवरीबी काही चुकायची नाही, ती पुढची वेळ मागून घेईल. आणि अनवरीबी तर नेहमी वकिलांवर विसंबून. दोघांनी एकमेकांवर भार टाकला आणि मी मधल्या मध्ये आपटले.

दुपारी दुसरा पुकारा झाला. पाच वाजता तिसरा. मला वाटत होतं, आता येईल, धापा टाकत येईल, गाडी मिळाली नाही म्हणेल. दारात फक्त उन्हाची तिरीप होती. न्यायाधीश मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं आणि रोजनाम्यात लिहिलं गेलं: वादी व वादीचे वकील पुकारूनही गैरहजर, प्रतिवादी हजर, सबब दावा काढून टाकण्यात येत आहे.

चार वर्षांचं आयुष्य, आणि संपायला दोन ओळी पुरल्या.

मॅडमचा राग मला आला नाही. त्यांच्यासमोर त्या दिवशी साठ फायली होत्या आणि नियम तसाच आहे. मला भीती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. दावा गेला की मनाई हुकूमही जातो. म्हणजे त्या संध्याकाळपासून बोळ उघडा पडला होता आणि हे ज्या बाईला कळायला हवं होतं, तिला ठाऊकच नव्हतं. कोर्टाचा मेसेज गेला, पण तो तिच्या मुलाच्या, दानियालच्या, जुन्या नंबरावर. दानियाल पुण्याला कंपनीत लागला आणि त्याने नंबर बदलला. सोमेश्वर वकिलांनीही त्याच नंबरावर तीनदा फोन लावला, मग एका लग्नाला गेले आणि राहून गेलं.

साधनाबाईंनी मला निकाली फायलींच्या कपाटात ठेवलं. मित्रांनो, ते कपाट तुम्ही पाहू नये. तिथल्या फायली एकमेकींशी बोलत नाहीत. महिन्याच्या शेवटी त्यांचे गठ्ठे बांधून रेकॉर्डच्या खोलीत नेतात आणि ठरलेली वर्षं भरली की तिथून काढून त्यांचे तुकडे करतात. मी रोज मोजत होते. एक दिवस गेला, दोन गेले, पाच गेले. रात्र झाली की मला बोळात कुदळ पडल्याचा आवाज ऐकू आल्यासारखा वाटायचा. खरं तर तो उंदरांचा असायचा.

सातव्या दिवशी सकाळी दहाला खिडकीबाहेरच्या बाकावरून ओळखीचा आवाज आला, आणि मी कपाटाच्या फटीतून पाहिलं. अनवरीबी आली होती. धुतलेली ओढणी, पिशवीत पाण्याची बाटली, चेहऱ्यावर साक्षीचं टेन्शन. अगदी वेळेवर आली होती, फक्त एक आठवडा उशिरा.

पुंजाराम तिच्याजवळ गेला. "अनवरीबी, तुमी आज कशाला आल्या?"

"आज तारीख हाय ना माझी. काल शेवटची गाठ सोडली."

"तुमची तारीख मागल्या हप्त्यात व्हती. तीनदा पुकारा केल्ता म्या."

ती हसली. तिला वाटलं, चेष्टा करतोय. मग तिने पिशवीतून दोरी काढून त्याच्यापुढे धरली. "बराबर सहा गाठी मारल्या व्हत्या, भाऊ. मी मोजून राह्यले व्हते."

पुंजारामने दोरीकडे पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं. "मधी मतदान झालं न्हाई का? त्या दिवशी बाजार भरला व्हता?"

अनवरीबीचे हात थांबले. मतदानाच्या दिवशी बाजार बंद होता. बाजार नाही म्हणून पेटी उघडली नाही, आणि पेटी उघडली नाही म्हणून गाठ सुटली नाही. दोरी बिचारी खरंच बोलत होती, बाजारच खोटा पडला होता.

"मंग आता पुढची तारीख कवाची?" तिने विचारलं.

"पुढची न्हाई. दावा बंद झाला."

"बंद म्हंजी? निकाल लागला?"

"निकाल न्हाई लागला, बाई. नुसता बंद झाला."

तिने ती रिकामी दोरी बोटांभोवती गुंडाळली. मी कपाटात, ती बाकावर, मध्ये फक्त एक खिडकी. एवढ्या जवळून हाक मारता येत नाही, हे फार वाईट असतं.

सोमेश्वर वकील अकराला आले. तिला पाहिल्यावर त्यांचा चेहरा उतरला. माणूस कामात ढिला असेल, पण खोटा नाही. म्हणाले, "चूक माझीबी हाय. पण घाबरू नका. तीस दिवसांच्या आत अर्ज देता येतो. न आल्याचं कारण पटलं तर कोर्ट दावा पुन्हा होता तसा उभा करू शकतं. तेवढी ताकद कोर्टाला हाय."

मी हे ऐकलं आणि मला पहिल्यांदा श्वास आला. मेलेली फाईल उठू शकते! म्हातारी बांधाची फाईल हे कधी बोलली नव्हती.

"पण कारण पटलं पायजे," वकील पुढे म्हणाले. "आपण लिहू, तुम्हाला ताप आल्ता. डॉक्टरचं सर्टिफिकेट मी बघतो. समदे तसंच देतात."

ते मात्र खरं होतं. निकाली कपाटातल्या ज्या ज्या फायलींनी असा अर्ज केला होता, त्यांच्या सगळ्यांच्या वाद्यांना ताप आला होता. एकाला तर दोन वर्षांत चार वेळा, आणि चारही वेळा तारखेच्या दिवशीच.

अनवरीबीने मान हलवली. "मला ताप न्हवता."

"अहो, पण गाठी मोजल्या, बाजार भरला न्हाई, हे कोर्टात सांगायचं कसं? हसतील लोक."

"हसू द्या. घरात खरा आजारी माणूस पडलाय, वकीलसाहेब. मी खोटा आजार कशाला अंगावर घेऊ?"

वकिलांनी पेन काढलं. त्यांनी निमूटपणे खरं कारण लिहिलं. पण मला चैन पडेना. खोटा ताप चालतो हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, खरी दोरी चालेल याची खात्री कोण देणार? मी मनातल्या मनात अनवरीबीवर चिडलेसुद्धा. एवढा हट्ट कशाला, असं वाटलं. त्याची मला आज लाज वाटते.

अर्जाची वेगळी फाईल झाली. कोरा पुठ्ठा, अकरा पानं, सडपातळ आणि दिमाखदार. माझं जगणं-मरणं त्या कालच्या पोरीच्या हातात. साधनाबाईंनी तेवढी एक माया केली, मला रेकॉर्डच्या गठ्ठ्यातून बाहेर काढून ठेवलं. "अर्ज लागलाय तिचा," त्या म्हणाल्या, "राहू द्या इथंच."

अबुबकरला नोटीस गेली. पण नोटीस पोचेपर्यंत त्याने बोळात पायासाठी चर खणला होता. हे मला त्या सडपातळ फाईलीत लावलेल्या फोटोंवरून कळलं. गुडघाभर खोल चर, बाजूला मुरमाचा ढीग, मागे दारात सायकलवर बसलेला महेबूब. दुसऱ्या फोटोत चरावर एक फळी आडवी टाकलेली दिसत होती. ती कुणी टाकली ते कुठे लिहिलं नव्हतं. फळी सायकलच्या मानाने अरुंदच होती. महेबूब बारा दिवस घराबाहेर पडला नाही, असं फोटोंसोबतच्या कागदात होतं.

सुनावणीच्या दिवशी मलाही टेबलावर नेलं, त्या नव्या फाईलीखाली. अबुबकरच्या वकिलांनी अर्ज वाचून दाखवला आणि चष्मा काढून म्हणाले, "मॅडम, कोर्टाच्या तारखा आता दोरीच्या गाठींवर चालणार का? ही सबब वादीने नंतर रचलेली आहे." मागे बसलेले काही जण हसले. सोमेश्वर वकिलांना अपेक्षा होती तेच झालं.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी अनवरीबीला पुढे बोलावलं. तिने दोरी दाखवली, कशी मोजते ते सांगितलं, सासूने शिकवलं हेही सांगितलं. शब्द एकही इकडचा तिकडे झाला नाही.

"मतदानाच्या दिवशी तुमच्या गावचा बाजार भरला नाही, याचा काही कागद आहे?" मॅडमनी विचारलं.

सोमेश्वर वकील उठले. "ग्रामसेवक रजेवर आहेत, मॅडम. दाखला मिळाला नाही. थोडी मुदत..."

"वेळकाढूपणा," समोरचे वकील म्हणाले.

मुदत म्हणजे अजून पंधरा दिवस, आणि पंधरा दिवसांत चरावर भिंत उभी राहते. माझ्या अंगातली दोरी आवळल्यासारखी झाली. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि कुणाला वाटलं नव्हतं तिकडे वळल्या. "अबुबकर, तुम्हीही त्याच बाजारात बसता ना?"

त्याच्या वकिलांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. काय बोलायचं नाही ते त्या नजरेतच होतं. अबुबकरने टोपी सारखी केली.

"बसतो, साहेब."

"मतदानाच्या दिवशी बाजार भरला होता का?"

अबुबकरने भावजयीच्या हातातल्या दोरीकडे पाहिलं. तो 'आठवत नाही' म्हणाला असता तर कुणी त्याला धरणार नव्हतं. भिंत त्याची झाली असती, खोली अफ्रीनची झाली असती. मी माझ्या एकशे बेचाळीस पानांनिशी त्याच्या तोंडाकडे पाहत होते.

"न्हाई भरला," तो म्हणाला. "मी बी घरीच व्हतो."

"आणि ही दोरी?"

"आमच्या अम्मीची रीत हाय ती, साहेब. आमच्या घरात समदे तसंच मोजत्यात. त्या दिवशी सकाळी वकीलसाहेबांनी फोन केल्ता म्हणून मी आलो. न्हाई तर माझीबी गाठ राहिलीच व्हती." आणि त्याने सदऱ्याच्या खिशातून आपली दोरी काढून टेबलावर ठेवली.

आता कुणी हसलं नाही. त्याच्या वकिलांनी कागद आवरायला घेतले.

मॅडमनी त्याच वेळी हुकूम सांगितला. गैरहजेरीचं कारण खरं आणि पुरेसं आहे, दावा त्याच्या मूळ नंबरावर पूर्ववत घेण्यात येतो, मनाई हुकूम पूर्वीप्रमाणे चालू राहील. मूळ नंबरावर! साधनाबाईंनी माझ्या पुठ्ठ्यावर लाल शाईने मारलेला 'निकाली' शब्द आडव्या रेघेने खोडला आणि बाजूला सही केली. ती रेघ मी नकाशाहून जास्त जपते. सोमेश्वर वकिलांना मॅडम एवढंच म्हणाल्या, "पक्षकाराच्या दोरीवर तुम्ही विसंबायचं नसतं. पुन्हा असं झालं तर हे दार उघडेलच असं नाही." वकिलांनी मान खाली घातली.

पुढची तारीख पडली ती सात बाजारांनंतरची. अनवरीबी बाकावर बसून गाठी मारू लागली. अबुबकर जाता जाता थांबला.

"भाभी, सात नको. सहा मार. बाजारतळावर सिमेंट टाकायलेत, तिसरा बाजार भरत न्हाई. काल पंचायतीची गाडी भोंग्यावर सांगत फिरली."

अनवरीबी त्याच्याकडे बघत राहिली. मागे, तिच्या घरापर्यंत, रस्त्यावरच्या भोंग्याचा आवाज पोचत नाही. चर खणणाऱ्या माणसाचं आता ऐकायचं का, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसला. सातवी गाठ तिच्या बोटात अर्धी होती. ती आवळली का सोडली, ते मला दिसलं नाही. तिने दोरी पिशवीत टाकली आणि म्हणाली, "चर बुजवून घे."

"बुजवतो," तो म्हणाला.

त्यानंतरचे सात आठवडे माझे कसे गेले, ते माझं मला ठाऊक. मी चालू दाव्यांच्या कपाटात होते, शेजारी म्हातारी बांधाची फाईल होती, सगळं पूर्वीसारखं होतं. पण अबुबकर खरं बोलला असेल आणि तिने त्याच्यावर विश्वास ठेवला नसेल, तर? सात गाठी राहिल्या तर ती पुन्हा एक आठवडा उशिरा येणार. साधनाबाईंनी दानियालचा नवा नंबर लिहून घेतला होता, वकिलांनीही 'मी फोन करतो' म्हटलं होतं. पण एकदा पोळलेली मी, मला कशावरच भरवसा वाटेना.

आज ती तारीख आहे, मित्रांनो. साडेदहा वाजले आहेत, मी टेबलावर आहे आणि माझ्याकडे वेळ थोडा आहे. म्हणून सांगायचं ते आत्ताच सांगते. घरातले कागद ओल लागणार नाही असे ठेवा, आमच्यावर चहाचे कप ठेवू नका, फोन नंबर बदलला तर जिथे तो लिहिलेला आहे तिथे जाऊन सांगा. आणि तुमच्यातलं कुणी मोठं होऊन मोठ्या खुर्चीत बसलं, कुणाचं नाव तीनदा पुकारलं आणि कुणी ओ दिली नाही, तर नियमाप्रमाणे पुठ्ठा जरूर मिटा. पण सात दिवसांनी कुणी दोरी घेऊन दारात उभं राहिलं तर तिच्याकडे बघून हसू नका. आधी विचारा, बाई, तुम्ही मोजता कसं?

पुंजाराम दारात गेला आहे. पहिला पुकारा झाला. पाखरं उडाली. अबुबकर आपल्या जागी उभा आहे, सोमेश्वर वकील आज हजर आहेत आणि दाराकडे बघत आहेत. बाक मात्र रिकामा आहे.

दुसरा पुकारा. सोमेश्वर वकील दारापर्यंत जाऊन परत आले.

बाहेर काहीतरी खडखडलं. लोखंडावर लोखंड घासल्यासारखं. पुंजाराम तिसरा पुकारा करायला तोंड उघडतो आणि तसाच थांबतो. उंबऱ्याशी एक चाक अडलंय. तीनचाकी सायकल, तिच्यावर इस्त्रीच्या सदऱ्यात महेबूब, मागे घामाने भिजलेली अनवरीबी. मालवाहू ऑटोत घालून तिने त्याला इथवर आणलंय. म्हणजे बोळ मोकळा आहे.

अबुबकर आपल्या वकिलाशेजारून निघाला, त्याने पुढचं चाक उचलून उंबऱ्याच्या आत ठेवलं आणि परत आपल्या जागी जाऊन उभा राहिला. दावा अजून चालूच आहे ना.

अनवरीबीच्या मुठीत दोरी आहे. तिला एकही गाठ नाही.

"हाजिर," ती म्हणाली.